एचएसबीसी आणि नेट-झिरो आघाडी: चार वर्षांच्या सदस्यत्वाचा हिशेब

११ जुलै २०२५ रोजी एचएसबीसी बँक ‘नेट-झिरो बँकिंग अलायन्स’मधून, म्हणजे आपल्या कर्जांमागचं कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायची शपथ घेतलेल्या बँकांच्या आघाडीतून, बाहेर पडली. असं करणारी ती ब्रिटनमधली पहिली बँक. पुढच्या तीन आठवड्यांत बार्कलेज गेली, तिच्यापाठोपाठ स्वित्झर्लंडची यूबीएस गेली आणि ३ ऑक्टोबरला खुद्द आघाडीनंच गाशा गुंडाळला. मोठ्या अमेरिकन बँका तर जानेवारी उजाडून आठवडा होईपर्यंतच निघून गेल्या होत्या. त्यामुळे एचएसबीसीच्या बातमीत धक्कादायक असं फारसं काही नव्हतं.

तरीही या सगळ्या पडझडीतून अभ्यासासाठी एकच बँक निवडायची तर मी हीच निवडेन. सामाजिक जबाबदारी आणि पर्यावरण या नावाखाली बँका ज्या ज्या प्रकारच्या गटांत सामील होतात, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात ही बँक गेल्या वीस-बावीस वर्षांत जाऊन आली आहे. प्रकल्पकर्जांचे नियम ठरवणारा गट, पर्यावरणसंस्थांशी मोठ्या देणगीची भागीदारी आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालची आघाडी. त्याच काळात भागधारकांनी तिला कोंडीत पकडलं, जाहिरात नियामकानं तिच्या जाहिराती थांबवल्या आणि तिच्याच एका अधिकाऱ्याच्या भाषणानं तिची पंचाईत केली. म्हणजे कुठल्या दाबानं काय हललं, हे इथे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

प्रश्न साधा आहे. बँक अशा एखाद्या कागदावर सही करते तेव्हा तिच्या कर्जवाटपात काय बदलतं? आणि सही मागे घेतली की त्यातलं काय उरतं?

आधीची पार्श्वभूमी

जून २००३ मध्ये वॉशिंग्टनला दहा बँकांनी ‘इक्वेटर प्रिन्सिपल्स’ स्वीकारली. बार्कलेज, सिटीग्रुप, एबीएन ॲम्रो, राबोबँक वगैरे त्यात होत्या. जागतिक बँक गटातल्या आयएफसीचे पर्यावरण आणि सामाजिक निकष घ्यायचे आणि धरण, खाण, पाइपलाइन अशा प्रकल्पांना कर्ज देण्याआधी ते लावायचे, असा हा मामला. एचएसबीसी काही महिन्यांतच त्यात आली.

या तत्त्वांचं कौतुक बरंच झालं आणि ते अगदीच अनाठायी नव्हतं. मोठ्या प्रकल्पाच्या फायलीत विस्थापितांचा, जंगलाचा, पाण्याचा अहवाल असलाच पाहिजे, ही सवय बँकांना इथून लागली. पण ती प्रामुख्यानं ‘प्रोजेक्ट फायनान्स’ला, म्हणजे एका ठरावीक प्रकल्पाच्या नावावर दिलेल्या कर्जाला लागू होती. मोठ्या बँकेच्या पुस्तकात अशा कर्जांचा वाटा लहान असतो. तेल कंपनीला तिच्या सर्वसाधारण कारभारासाठी कर्ज दिलं, किंवा तिचे रोखे बाजारात विकून दिले, तर त्या पैशातून कंपनी कुठे विहीर खणते हे बँकेनं विचारण्याची गरज नव्हती. ही फट पुढेही अनेकदा भेटणार आहे.

२००५ मध्ये आपला स्वतःचा कारभार ‘कार्बन न्यूट्रल’ झाल्याचं एचएसबीसीनं जाहीर केलं. मोठ्या बँकांमध्ये ती पहिली. २००७ मध्ये ‘एचएसबीसी क्लायमेट पार्टनरशिप’ आली: पाच वर्षं, १० कोटी डॉलर, आणि सोबत डब्ल्यूडब्ल्यूएफ, अर्थवॉच, द क्लायमेट ग्रुप आणि स्मिथसोनियनची उष्णकटिबंधीय संशोधन संस्था. ॲमेझॉन, गंगा, थेम्स आणि यांगत्से या नद्यांवर काम झालं. बँकेचे कर्मचारी संशोधकांबरोबर जंगलात जाऊन झाडांचे बुंधे मोजून आले. चांगलं काम होतं, त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. फक्त या सगळ्यात कर्ज विभागाला कुणी हात लावला नव्हता. बँकेच्या इमारतींतले दिवे, विमानप्रवास, कागद हे मोजलं गेलं. बँकेच्या पैशातून इतरत्र निघणारा धूर नाही.

तो धूर बाहेरच्यांनी मोजायला घेतला. २०१७च्या सुरुवातीला ग्रीनपीसनं इंडोनेशियातल्या पामतेल कंपन्यांना मिळणाऱ्या एचएसबीसीच्या पैशावर अहवाल काढला. पुढच्याच महिन्यात बँकेनं आपलं धोरण बदललं: जंगलतोड नको, पीटभूमी (कार्बन साठवून ठेवणारी दलदलीची जमीन) उकरणं नको, शोषण नको. कित्येक वर्षांच्या भागीदारीनं जे झालं नाही ते एका अहवालानं काही आठवड्यांत झालं. यावरून भागीदारी फुकट गेली असं कुणी म्हणेल, मी म्हणणार नाही. ग्रीनपीसला बँकेवर दबाव टाकता आला तो बँकेनं आधीच स्वतःची पर्यावरणस्नेही प्रतिमा उभी केली होती म्हणून. जिची अशी प्रतिमाच नाही तिला लाज वाटायचं कारण नसतं.

२०२१: ठराव आधी, आघाडी नंतर

ऑक्टोबर २०२० मध्ये एचएसबीसीनं जाहीर केलं की २०५० पर्यंत आपल्या कर्जांमधून होणारं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू, स्वतःचा कारभार आणि पुरवठासाखळी २०३० पर्यंत शून्यावर आणू, आणि २०३० पर्यंत ग्राहकांच्या हरित बदलासाठी ७५० अब्ज ते १ हजार अब्ज डॉलर उभे करू. आकडे भारदस्त होते. कोळशाला कर्ज देणं कधी बंद करणार, यावर मात्र त्यात तारीख नव्हती.

जानेवारी २०२१ मध्ये लंडनच्या शेअरॲक्शन या संस्थेनं नेमकं तेच बोट ठेवलं. तिनं १५ गुंतवणूकसंस्था आणि शंभरावर वैयक्तिक भागधारकांना एकत्र आणून बँकेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी ठराव दाखल केला. त्यात युरोपातली बडी गुंतवणूक कंपनी अमुंडी होती, मॅन ग्रुप होता. बँकेला हे प्रकरण सभेत चव्हाट्यावर यायला नको होतं. वाटाघाटी झाल्या, मार्चमध्ये संचालक मंडळानं स्वतःचाच ठराव मांडायचं कबूल केलं आणि शेअरॲक्शननं आपला मागे घेतला. युरोपीय संघ आणि ओईसीडी (प्रामुख्यानं विकसित देशांची संघटना) देशांत २०३० पर्यंत, इतरत्र २०४० पर्यंत औष्णिक कोळशाला वित्तपुरवठा बंद, अल्प आणि मध्यम मुदतीची उद्दिष्टं, दरवर्षी अहवाल. २८ मे २०२१ रोजी तो विशेष ठराव ९९.७ टक्के मतांनी मंजूर झाला.

या दोन तारखांच्या मधोमध, २१ एप्रिलला, नेट-झिरो बँकिंग अलायन्स सुरू झाली. ४३ संस्थापक बँका, त्यात एचएसबीसी. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष बायडन यांची हवामान शिखर परिषद होती, नोव्हेंबरात ग्लासगोला ‘कॉप-२६’ ही संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद व्हायची होती. बँक ऑफ इंग्लंडचे माजी गव्हर्नर मार्क कार्नी यांच्या पुढाकारानं ‘जीफँझ’ ही सर्व वित्तसंस्थांची मोठी छत्री त्याच दिवशी उघडली आणि ग्लासगोत तिनं १३० ट्रिलियन डॉलरच्या मालमत्तेचा आकडा झळकवला. त्या दिवसांत बाहेर राहणाऱ्या बँकेलाच खुलासा द्यावा लागत होता.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. बँकेनं आघाडीत येऊन कोळशाची तारीख दिली नाही. तारीख भागधारकांनी आधीच काढून घेतली होती. आघाडीनं तिला एवढंच सांगितलं की हे करणारी तू एकटी नाहीस, तुझे स्पर्धकही हेच करताहेत. बँकेत हे ‘एवढंच’ फार मोठं असतं. शाश्वतता विभागातला माणूस कर्ज समितीपुढे जातो तेव्हा पहिला प्रश्न येतो, “आपण नाही म्हटलं तर समोरची बँक देणारच ना?” समोरची बँकही त्याच कागदावर सही करून बसली आहे, हे त्याचं एकमेव बळाचं उत्तर होतं.

आघाडीनं काय मागितलं

कागद तसा कडक होता. सामील झाल्यापासून १८ महिन्यांत २०३० साठीची पहिली उद्दिष्टं, ३६ महिन्यांत तेल-वायू, कोळसा, वीज, सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, वाहतूक, शेती आणि इमारती अशा नऊ क्षेत्रांना व्यापणारी उद्दिष्टं, दरवर्षी उत्सर्जनाचा आकडा जाहीर करणं, आणि सगळं जागतिक तापमानवाढीच्या १.५ अंशाच्या मर्यादेशी जुळणारं.

एचएसबीसीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिली दोन क्षेत्रं घेतली. तेल-वायू कर्जांतून होणारं उत्सर्जन २०१९च्या तुलनेत २०३० पर्यंत ३४ टक्क्यांनी कमी. वीजक्षेत्रात उत्सर्जनाची तीव्रता, म्हणजे विजेच्या प्रत्येक युनिटमागचं उत्सर्जन, ७५ टक्क्यांनी कमी. दोन्ही आकडे एका जातीचे नाहीत हे लक्षात घ्यावं. पहिल्यात एकूण टन घटायला हवेत. दुसऱ्यात कोळशाशेजारी भरपूर सौरऊर्जेला कर्ज दिलं की सरासरी आपोआप खाली येते.

आणि जुनी फट इथेही होतीच. ही उद्दिष्टं बँकेच्या ताळेबंदावरच्या कर्जांपुरती होती. ग्राहकाचे रोखे बाजारात विकून देताना बँक दलालासारखी उभी असते. पैसा गुंतवणूकदारांचा, कर्ज ताळेबंदावर दिसत नाही. तेल कंपन्यांना पैशाचा मोठा ओघ याच वाटेनं जातो. त्याचं उत्सर्जन कुणाच्या खाती किती लिहायचं, यावर बँकांची भांडणं वर्ष-दीड वर्ष चालली आणि मोजणीची पद्धत डिसेंबर २०२३ मध्ये कुठे प्रसिद्ध झाली. ती केली ‘पीकॅफ’नं. डच वित्तसंस्थांनी २०१५ मध्ये सुरू केलेला हा गट कसलीच शपथ घ्यायला लावत नाही. फक्त कर्जामागचं उत्सर्जन कसं मोजायचं याची वही देतो. त्याच्या बैठकांचे फोटो कुठे छापून येत नाहीत. या प्रकरणातला तोच सगळ्यात कमी लेखला गेलेला भिडू, असं माझं मत झालं आहे.

बसथांब्यावरची जाहिरात

ऑक्टोबर २०२१ मध्ये, ग्लासगो परिषदेच्या तोंडावर, लंडन आणि ब्रिस्टलच्या बसथांब्यांवर एचएसबीसीच्या जाहिराती झळकल्या. एकीत १ ट्रिलियन डॉलरपर्यंतच्या हरित वित्ताचा उल्लेख, दुसरीत २० लाख झाडं लावायला मदत करत असल्याचा. ही झाडं त्यांच्या आयुष्यभरात साडेबारा लाख टन कार्बन शोषून घेतील, असं त्यात म्हटलं होतं. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे, म्हणजे एएसएकडे, ४५ तक्रारी गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल आला: जाहिराती दिशाभूल करणाऱ्या, याच स्वरूपात पुन्हा दाखवायच्या नाहीत.

निकालातला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. झाडं खोटी आहेत असं नियामकानं म्हटलं नाही, पैशाचा आकडा फुगवलेला आहे असंही नाही. म्हटलं ते असं की बँकेच्या स्वतःच्या वार्षिक अहवालानुसार एकट्या तेल-वायू क्षेत्रातल्या तिच्या ग्राहकांचं उत्सर्जन वर्षाला सुमारे ६ कोटी ५३ लाख टन आहे, कोळशाला वित्तपुरवठाही काही प्रमाणात २०४० पर्यंत चालू राहणार आहे, आणि हे जाहिरातीत कुठेच नाही. भागाकार करून बघा. वीस लाख झाडांनी आयुष्यभरात जेवढा कार्बन शोषायचा, तेवढं त्या ग्राहकांचं सात दिवसांचं उत्सर्जन.

हा ६ कोटी ५३ लाखांचा आकडा बाहेर आला कुठून? बँकेनंच छापला होता. कर्जांमागचं उत्सर्जन मोजून जाहीर करायचं, या बांधिलकीतूनच तो वार्षिक अहवालात आला. बँकेच्या विपणन विभागाला त्याची कल्पना होती की नाही कोण जाणे, पण ज्या शपथेचं भांडवल करून जाहिरात केली त्याच शपथेनं जाहिरातीविरुद्धचा पुरावा तयार केला. आघाडीचं या संपूर्ण प्रकरणातलं सगळ्यात ठोस काम मला हेच वाटतं, आणि ते तिच्या उद्दिष्टपत्रिकेत नव्हतं.

मे २०२२ मध्ये, हा निकाल येण्याच्या आधी, बँकेच्या मालमत्ता व्यवस्थापन शाखेतले जबाबदार गुंतवणुकीचे प्रमुख स्टुअर्ट कर्क एका परिषदेत बोलले. गुंतवणूकदारांनी हवामानजोखमीची काळजी करायचं कारण नाही, शंभर वर्षांनी मायामी सहा मीटर पाण्याखाली गेलं तर कुणाला काय, असा सूर. बँकेनं त्यांना निलंबित केलं, जुलैत त्यांनी राजीनामा दिला. गदारोळ खूप झाला, कर्जवाटपाच्या दृष्टीनं त्याला किंमत शून्य. मात्र बँकांच्या मधल्या मजल्यावर खासगीत काय बोललं जातं, ते त्या दिवशी ध्वनिक्षेपकावर आलं.

टेक्साससाठी पुरेसं

१४ डिसेंबर २०२२ रोजी एचएसबीसीनं ऊर्जाधोरण सुधारलं. ज्या तेल-वायू क्षेत्रांच्या विकासाचा अंतिम गुंतवणूक निर्णय २०२१ संपल्यानंतर झाला, त्यांना आणि त्यांच्याशी निगडित पायाभूत सुविधांना थेट नवं कर्ज नाही. तेल कंपनीला सर्वसाधारण कर्ज मात्र चालू. म्हणजे तीच फट तिसऱ्यांदा. तरी एवढ्या आकाराच्या बँकेसाठी हे पाऊल मोठं होतं.

किती मोठं, ते टेक्सासनं सांगितलं. तिथे ऊर्जाकंपन्यांवर ‘बहिष्कार’ टाकणाऱ्या वित्तसंस्थांची यादी तेव्हा सरकारतर्फे ठेवली जात होती आणि राज्याचे निधी त्यांच्यातल्या गुंतवणुकी काढून घेत होते. २०२३ मध्ये त्या यादीत एचएसबीसीचं नाव आलं. आघाडीची सदस्य ती दोन वर्षं होतीच. नाव आलं ते धोरणाचा मजकूर बदलल्यानंतर. विरोधक कधी कधी समर्थकांपेक्षा कागद नीट वाचतात.

तोवर अमेरिकेत वारं फिरलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ राज्यांच्या रिपब्लिकन महाधिवक्त्यांनी सहा मोठ्या बँकांकडून या आघाडीसंबंधीची कागदपत्रं मागवली. स्पर्धकांनी एकत्र बसून कुणाला कर्ज द्यायचं नाही हे ठरवणं म्हणजे संगनमत, असा त्यांचा रोख. त्याच महिन्यात जीफँझनं ‘रेस टू झिरो’ या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे कडक निकष पाळण्याची अट काढून टाकली, कारण अमेरिकन बँका बाहेर पडण्याची भाषा करू लागल्या होत्या. अट सैल केल्यानं त्या दोन वर्षं थांबल्या. ट्रम्प यांच्या विजयानंतर डिसेंबर २०२४ मध्ये गोल्डमन सॅक्सनं सुरुवात केली, ७ जानेवारीला जेपी मॉर्गन गेली. मग कॅनडाच्या, मग जपानच्या बँका. एप्रिल २०२५ मध्ये उरलेल्या सदस्यांनी मतदान करून १.५ अंशाची सक्तीही सोडली. जाणारे थांबले नाहीत. उलट ट्रिओडोससारखी डच बँक, जिनं ही सगळी तत्त्वं पहिल्यापासून पाळली होती, ती आघाडी फार मिळमिळीत झाली म्हणून बाहेर पडली.

एचएसबीसीच्या आतही बदल चालू होते. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्ज एल्हेडेरी मुख्य कार्यकारी झाले. नव्या रचनेत मुख्य शाश्वतता अधिकाऱ्याचं पद वरिष्ठ कार्यकारी समितीबाहेर गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकेनं स्वतःच्या कारभाराच्या नेट-झिरोचं वर्ष २०३० वरून २०५० केलं. पुरवठासाखळीतलं उत्सर्जन अपेक्षेप्रमाणे घटत नाही, हे कारण. कर्जांच्या २०३० च्या उद्दिष्टांचाही फेरविचार करणार असल्याचं तेव्हाच सांगितलं. जुलैत आघाडी सोडताना बँक म्हणाली की सुरुवातीची चौकट घालून देण्यात आघाडीचा वाटा होता, आता आपण आपला आराखडा स्वतः अद्ययावत करतो आहोत.

उरलं काय

समोरची बँकही सही करून बसली आहे, या आधारावर जे उभं राहिलं ते समोरची बँक उठल्यावर टिकणं अवघड होतं. आत येण्याची किंमत ज्या गर्दीनं कमी केली होती तिनंच बाहेर पडण्याचीही कमी केली. २०२१ मध्ये एकट्यानं बाहेर राहणं अवघड, २०२५ मध्ये एकट्यानं आत राहणं. १.५ अंशाची चौकट अशीच गेली, आणि पाच वर्षांनी येणारी तारीख पंचवीस वर्षांवर ढकलताना कुणाला मोठी किंमत मोजावी लागली नाही.

आघाडी बंद झाली तरी न हललेल्या गोष्टींचा उगम मात्र वेगळा दिसतो. कोळशाच्या तारखा भागधारकांच्या विशेष ठरावात आहेत. त्या बदलायच्या तर पुन्हा सभेपुढे जावं लागेल. पामतेलाचं आणि नव्या तेलक्षेत्रांचं बंधन बँकेच्या स्वतःच्या धोरणाच्या मजकुरातून आलं; ते ढिलं करायचं तर ओळी बदलाव्या लागतील, आणि बदललेल्या ओळी जुन्या शेजारी ठेवून वाचणारे लोक आता तयार झाले आहेत. २०२४ अखेर हरित वित्ताचा एकत्रित आकडा ३९३ अब्ज डॉलरच्या वर गेला होता, तोही आघाडीमुळे नव्हे तर त्यात धंदा आहे म्हणून वाढतो आहे. आणि पीकॅफची मोजणीची वही चालू आहे, पाचशेहून अधिक वित्तसंस्था ती वापरतात.

आघाडीवर टीका करणाऱ्यांचं एक म्हणणं मला पटत नाही: हा सगळा पहिल्यापासून देखावाच होता. देखाव्यासाठी टेक्सासचं सरकार यादी करत नाही, महाधिवक्ते कागदपत्रं मागवत नाहीत. पण समर्थकांचं म्हणणंही तेवढंच लंगडं आहे, की राजकारण आड आलं नसतं तर आघाडीनं काम केलं असतं. जीवाश्म इंधनाच्या कर्जाला हात लावला की राजकारण आड येणारच होतं. त्याची तरतूद कागदात नव्हती. बाहेर पडणाऱ्याला दंड नाही, कारणं जाहीर करण्याची सक्ती नाही, गेल्यावर निदान उद्दिष्टं तरी चालू ठेवीन अशी अट नाही.

२०३० ला एचएसबीसीच्या कोळसा ठरावाची पहिली मुदत भरते, युरोपीय संघ आणि ओईसीडी देशांपुरती. तोवर दरवर्षी प्रगतीचा अहवाल देणं त्या ठरावानुसार बँकेला भाग आहे, आणि तो विचारण्यासाठी कुठल्याही आघाडीचं सदस्य असावं लागत नाही, एक शेअर पुरतो.